भोंगा आबाची चाळीस मरणं

पारोळ्याच्या बाजारपेठेत माझं मंडप आणि साउंड सर्व्हिसचं दुकान आहे. वडिलांनी टाकलं, आता मी चालवतो. या दुकानाच्या रिक्षात बसून पितांबर शिंपी यांनी एकतीस वर्षं अलाउन्स केले. अनाउन्समेंटला आमच्याकडे अलाउन्स म्हणतात. शब्द चुकीचा आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण दुसरा शब्द कुणी वापरत नाही.

पोलिओचा डोस, हरवलेली पोरगी, भागवत सप्ताह, साड्यांचा सेल, बाजार समितीची सुट्टी, निवडणूक आणि मयत, असं सगळं गावाला पितांबरभाऊंच्या तोंडून कळायचं. दिसायला साधा माणूस. किडकिडीत अंगकाठी, पांढरा पायजमा, गळ्याला बारा महिने मफलर. बोलायला लागले की मात्र भाजीवाली हातातला तराजू थांबवायची. आवाज मोठा नव्हता, ओरडायचे तर अजिबात नाहीत. समोर एकच माणूस बसलाय आणि त्याला समजावून सांगतोय, असं बोलायचे. मयतीचा अलाउन्स ते शुद्ध मराठीत करायचे आणि बाकी सगळं अहिराणीत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "मरेल मानूसनी शेवटली वेळ शे, त्याले इस्त्रीना कपडा नको का?"

निवडणुकीत ते सगळ्यांचे असायचे. सकाळी एका पक्षाची रिक्षा, दुपारी दुसऱ्याची. दोन्हीकडे सारख्याच मनापासून बोलायचे आणि मधेच एखादा चिमटा काढायचे, तोही असा की ज्याला काढला तोच आधी हसायचा. एका उमेदवाराच्या प्रचारात म्हणाले होते, "भाऊ पाच वरीस दिखनात नही म्हनीसन रागे भरू नका, आज दिखनात ना, दर्शन ल्या." तो उमेदवार पुढच्याच सीटवर बसलेला होता. त्यानं वळून हात जोडले आणि हसला.

तीन वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात, भूषण माझ्या दुकानात आला. इथल्याच पेठेतल्या रत्नाताईंचा मुलगा. जळगावला इंजिनिअरिंग शिकला आणि तिथेच वर्गातल्या भूमिका नावाच्या मुलीबरोबर त्यानं मोबाईलवरचे गेम बनवायचं काम सुरू केलं होतं. म्हणाला, "काका, आम्ही एक गोळीबाराचा गेम करतोय. आपल्या भागातला. मला पितांबर आबांचा आवाज पाहिजे."

गेमची गोष्ट त्यानं सांगितली ती अशी. तहानपूर नावाचं गाव. गावातलं पाणी संपलेलं. एकच टाकी उरलेली आणि तिच्यासाठी टोळ्या बंदुका घेऊन गल्लीगल्लीत एकमेकांना मारतायत. खेळणारा त्यातल्या एका टोळीचा. आणि या गोळीबारात गळ्यात भोंगा अडकवून एक म्हातारा फिरतो, भोंगा आबा. तो कुणाचा शत्रू नाही. त्याच्याजवळ थांबलं तर तो तहानपूरची गोष्ट सांगतो, थोडी थोडी, अकरा भागांत. गोष्ट पूर्ण ऐकली तर पाण्याच्या जुन्या झऱ्याची वाट कळते आणि एकही गोळी न मारता गेम संपतो.

"हे कुणाला सांगायचं नाही," भूषण म्हणाला. "ज्याला ऐकायची सवय असेल त्याला सापडेल."

तो हे बोलला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. मला पोरगा आवडला.

रेकॉर्डिंगला जागा हवी होती, म्हणून मी माझं गोदाम दिलं. लग्नाच्या गाद्या तिन्ही भिंतींना उभ्या लावल्या, दारावर सतरंज्या टांगल्या. पंखा लावला तर आवाज येतो म्हणून बंद. मे महिन्यातल्या तीन दुपारी पितांबरभाऊ त्या गाद्यांच्या मधे घामानं निथळत बोलत राहिले. भूषणनं गोष्टीचा नुसता सांगाडा लिहून आणला होता. पितांबरभाऊंनी कागद वाचला, घडी करून खिशात घातला आणि स्वतःच सांगायला लागले.

तहानपूरच्या विहिरीचं तीन पक्षांनी तीनदा उद्घाटन केलं. प्रत्येकानं नारळ फोडला. प्रत्येकाच्या कार्यकर्त्यांना वाटलं की आपलाही नारळ फुटला पाहिजे. तेवढ्या लोकांना कठड्यावर जागा कुठली? नारळ हातातून निसटायचे आणि विहिरीत पडायचे. शेवटी विहीर काठोकाठ नारळांनी भरली. मग चौथ्या पक्षानं आश्वासन दिलं, निवडून आलो तर विहिरीतले नारळ काढू. हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की भूमिकानं तोंडावर ओढणी धरली, तरी हसू मशीनमध्ये गेलंच. तो भाग पुन्हा घ्यावा लागला.

शेवटच्या, अकराव्या भागाचं भूषणनं एवढंच लिहिलं होतं की भोंगा आबा टाकीवर चढून गावातल्या मेलेल्या लोकांची नावं वाचतो. नावं कोणतीही चालतील. पितांबरभाऊंनी मफलर सोडून बाजूला ठेवला आणि खिशातून दुसराच कागद काढला. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत अंत्ययात्रेला गर्दी चालत नव्हती, म्हणून मयतीचे अलाउन्स बंद होते. त्या दीड-दोन महिन्यांत जी माणसं अलाउन्स सांगायला आली आणि परत गेली, त्यांच्या घरच्या गेलेल्यांची नावं पितांबरभाऊंनी लिहून ठेवली होती. एकावन्न नावं. आडनावं गाळून त्यांनी ती वाचली, एकेका नावानंतर श्वास घेऊन, शुद्ध मराठीत. एकविसावं नाव माझ्या मामांचं होतं. मी मशीनजवळ बसलो होतो. भूषणनं बटण दाबायला बराच वेळ घेतला.

मग मरायचं काम उरलं.

"आबा, गोळीबारात तुम्हालाही चुकून गोळी लागू शकते," भूषण म्हणाला. "तेव्हा नुसतं आह, ऊह, असं करा. चार-पाच पुरे."

पितांबरभाऊंना ते पटलं नाही. "मानूस मरतांना नुसता बोंबलस का? काही तरी सांगस ना." आणि ते मरायला लागले. गोळीनं, बाँबनं, टाकीवरून पडून, नारळाच्या विहिरीत बुडून. प्रत्येक वेळी काहीतरी म्हणायचे. "आते नळ कोन सोडी रे?" "माले मारीसन तुन्ही गटार व्हई का?" आणि एक, जे पुढे महाराष्ट्रभर गेलं, "मारा भो, पन मतदान करीसन जा." एका दुपारी चाळीस मरणं झाली. त्यांच्या पत्नी कोकिळाबाई डबा घेऊन आल्या होत्या. बाहेरून नवऱ्याच्या किंकाळ्या ऐकून धावत आत शिरल्या आणि भिंतीची गादी त्यांच्या अंगावर पडली. सगळे हसलो. त्याही हसल्या. त्या दिवशी आम्ही सगळे खुशीत होतो, हे सांगायला हवं.

गेम दिवाळीनंतर निघाला. पहिले दोन महिने कुणाला पत्ता नव्हता. मग नागपूरच्या कुण्या मुलानं शोधून काढलं की भोंगा आबाला गोळी मारली की तो दर वेळी वेगळं बोलून मरतो आणि पुढच्या डावात पुन्हा जिवंत असतो. त्यानं सगळी मरणं जमवून एक व्हिडिओ केला. 'भोंगा आबाची चाळीस मरणं'. आठवडाभरात तो प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये होता. लोक गेम उतरवून घ्यायला लागले आणि उतरवला की पहिलं काम म्हणजे आबाला शोधून मारणं. टोळ्या राहिल्या बाजूला. कुणी पाठीमागून मारायचं, कुणी टाकीवर नेऊन ढकलायचं, कुणी दोघं-तिघं मिळून त्याला भिंतीशी उभा करायचे. गोष्ट सांगायला आबानं तोंड उघडलं की गोळी.

पितांबरभाऊंना सुरुवातीला कौतुक वाटलं. एसटी स्टँडवर पोरं सेल्फी काढायची. धुळ्याच्या एका कॉलेजनं स्नेहसंमेलनाला बोलावून शाल दिली. स्टेजवर गोष्ट सांगायला उभे राहिले, तर खालून एकच गजर, "मरा आबा, मरा आबा." दोन वाक्यं सांगून झाल्यावर ते छातीवर हात ठेवून स्टेजवर पडले आणि ते वाक्य म्हणाले. टाळ्या थांबेनात. परतीच्या गाडीत मला म्हणाले, "लीलाधर, विहिरीनी गोष्ट पुरी सांगाले पाहिजे व्हती. मी लवकर पडनू."

मीही काही मागे नव्हतो. माझ्या डीजेवाल्यानं ते वाक्य गाण्यात मिसळलं. हळदीत, वरातीत ढोलाच्या ठोक्यावर पितांबरभाऊंचा आवाज मरायचा आणि पोरं जमिनीवर लोळायची. ते वाजायला लागलं की मांडवातल्या म्हाताऱ्यासुद्धा हसायच्या. मी साउंडच्या टेबलामागे उभा राहून वाजवलंय, बारीक आवाजात नाही, पूर्ण आवाजात.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी भूषण लॅपटॉप घेऊन आला. पितांबरभाऊ दुकानात खुर्चीवर बसले होते. गेम कोण किती खेळतं, कुठे थांबतं, हे सगळं त्याला त्यावर कळत होतं. तो नजर वर न करता सांगत होता.

"आबा, अकरा लाख लोकांनी गेम घेतला."

"बरं."

"तुमच्याजवळ माणूस सरासरी चौदा सेकंद थांबतो. मग गोळी मारतो."

पितांबरभाऊंनी मफलर नीट केला. "चौदा सेकंदमा तं नमस्कारबी पुरा व्हत नही. आनि ते नावे? टाकीवरना?"

"त्रेसष्ट."

"त्रेसष्ट हजार?"

"त्रेसष्ट माणसं, आबा. त्यातले आम्ही आठ-दहा जण तपासणीसाठी ऐकणारे."

त्यावर ते म्हणाले, मग मला मारता येणार नाही असं करून टाक. भूषण म्हणाला की आम्ही एकदा करून पाहिलं. गोळी लागत नाही असं केल्यावर दोन दिवसांत हजारो लोकांनी शिव्या लिहिल्या, गेम काढून टाकायला लागले. जळगावच्या ऑफिसचं भाडं, दोन मुलांचे पगार, सगळं त्यावर होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी आबाला पुन्हा मरू दिलं.

"मी तरी काय करू, आबा?" भूषण म्हणाला.

"काही नको करू," पितांबरभाऊ म्हणाले. ते चिडले नव्हते. त्यांनी उठून त्याच्यासाठी चहा सांगितला.

त्यानंतर वर्षभरानं नगरपालिकेची निवडणूक लागली. बरीच वर्षं लांबलेली निवडणूक, त्यामुळे जो तो इरेला पेटलेला. प्रेमराजभाऊ म्हणून एक उमेदवार होते. त्यांनी सगळ्यात आधी पितांबरभाऊंना बोलावलं. "आबा, या वेळी फक्त माझ्या रिक्षावर बसायचं. दुसरीकडे नाही." पितांबरभाऊ म्हणाले, मी कधी कुणा एकाचा झालो नाही. तरी हो-ना करता करता चार दिवस बसले. अडचण अशी झाली की ते काहीही बोलले तरी लोक त्या वाक्याची वाट पाहायचे. गटार, दवाखाना, शाळा, काहीही सांगा, लोक मोबाईल धरून उभे. मग कुणीतरी ओरडायचं, "आते मरा." प्रेमराजभाऊंच्या कार्यकर्त्यांना त्यातच मजा वाटली. त्यांच्यातल्या एकानं गेममधल्या आबाच्या धडावर विरोधी उमेदवाराचं तोंड चिकटवलं, त्याला वीस गोळ्या मारल्या आणि खाली पितांबरभाऊंचा आवाज टाकला, "मारा भो, पन मतदान करीसन जा." तासाभरात गावभर.

विरोधी बाजूनं तक्रार केली. उमेदवाराला जिवे मारण्याची चिथावणी, आणि आवाज पितांबर शिंपी यांचा. प्रेमराजभाऊंनी सरळ हात वर केले. पत्रकारांना म्हणाले, "त्या गृहस्थांचा आणि आमचा काही संबंध नाही. ते कलाकार आहेत, कुणासाठीही बोलतात."

मी पितांबरभाऊंबरोबर पोलीस ठाण्यात गेलो. जबाब घेणारे साहेब तरुण होते, नीट वागले, खुर्ची दिली, पाणी दिलं. तो आवाज गेमसाठी अडीच वर्षांपूर्वी माझ्या गोदामात घेतला, व्हिडिओशी यांचा संबंध नाही, असं मी लिहून दिलं. कुठलं कलम लागलं नाही. निघताना साहेब जरा संकोचून म्हणाले, "आबा, खरंच तो तुमचाच आवाज? माझा मुलगा रोज खेळतो. एकदा म्हणता का?"

दोन हवालदार टेबलाशी येऊन उभे राहिले. पितांबरभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांनी ते म्हटलं, खुर्चीत बसूनच, हात मांडीवर ठेवून. सगळे हसले. साहेबांनी मोबाईलमध्ये घेतलं.

बाहेर आल्यावर ते किल्ल्यापर्यंत चालत आले. खंदकाच्या कडेला भाजीची गाडी उभी होती, तिथं कोथिंबिरीची जुडी घेतली. कोकिळाबाईंनी आणायला सांगितली होती.

त्या निवडणुकीत पुढे दोन्ही पक्षांनी नाशिकहून तयार आवाज मागवून घेतले. प्रेमराजभाऊ निवडून आले. त्यांच्या मिरवणुकीत माझाच डीजे होता.

तरी मयतीचे अलाउन्स पितांबरभाऊंकडेच होते. ते म्हणायचे, बाकीचं गेलं तर जाऊ दे, हे राहील. डिसेंबरच्या शेवटी ज्ञानेश्वर गुरुजी वारले. अर्ध्या गावाला त्यांनी पाढे शिकवले होते. पितांबरभाऊही त्यांचेच विद्यार्थी. सकाळी आठ वाजता आम्ही रिक्षा काढली. त्या दिवशी ड्रायव्हर नव्हता, म्हणून मीच चालवत होतो. मागे स्कूटरवर गुरुजींची मुलगी होती. तिला वडिलांच्या जुन्या शेजाऱ्यांना कळवायचं होतं.

बाजार चौकात मी रिक्षा हळू केली. पितांबरभाऊंनी माईक तोंडाशी धरला.

"पारोळा शहरातील समस्त नागरिकांना कळविण्यात अत्यंत दुःख होत आहे की…"

चहाच्या टपरीवर सात-आठ जण उभे होते. पोरंच होती असं नाही, दोघं तर माझ्या वयाचे होते. आवाज ऐकल्याबरोबर त्यांच्या तोंडावर हसू आलं. त्यांनी ठरवून आणलं नव्हतं. तो आवाज आला की आता हसायचं असतं, एवढंच त्यांच्या अंगात मुरलं होतं. पितांबरभाऊंनी गुरुजींचं नाव घेतलं. वृद्धापकाळानं दुःखद निधन झाले, असं म्हणाले. टपरीवरून कुणीतरी हळूच म्हटलं, "मतदान करीसन गयात का?" आणि एकच हशा उसळला. समोरच्या किराणा दुकानातला नोकर हसला. भाजीवाली हसली आणि तोंडावर पदर घेतला. त्या हशाचं काय झालं ते मला अजून सांगता येत नाही, पण तो माझ्याही पोटातून आला. मी दात ओठांवर दाबून धरले. पितांबरभाऊ माझ्या मागेच बसले होते. रिक्षाच्या आरशात माझं तोंड दिसत होतं.

ते थांबले नाहीत. अंत्ययात्रा कुठून निघेल, किती वाजता निघेल, सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायची वेळ आली तेव्हा गुरुजींची मुलगी स्कूटर पुढे घेऊन आडवी आली. तिचे डोळे सुजलेले होते.

"काका, पुरे," ती म्हणाली. "बंद करा. आम्ही फोनवर कळवू सगळ्यांना."

"बेटा, माझं काही चुकलं का?"

"तुमचं नाही. पण नका बोलू."

पितांबरभाऊंनी माईकचं बटण बंद केलं, वायर गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. गुरुजींच्या अंत्ययात्रेत ते सगळ्यात मागे चालले.

त्यानंतर फेब्रुवारीत माझी आई गेली. सुंदरबाई. शहाऐंशी वर्षांची. पितांबरभाऊ तिच्या हातचं किती वेळा जेवले असतील, मोजता येणार नाही. पहाटे ती गेल्यावर आम्ही भाऊ अंगणात बसलो. धाकटा म्हणाला, "अलाउन्सचं काय?" थोरले म्हणाले, "पितांबर नको. लोक हसतील. आईच्या मयतीला हसलेलं मला सहन होणार नाही." मी हो म्हणालो नाही आणि नाही म्हणालो नाही. हल्ली मोबाईलवर नाव, वेळ, पत्ता लिहून दिला की बाईच्या किंवा माणसाच्या आवाजात अलाउन्स तयार होऊन येतो. धाकट्यानं तो करून घेतला. माझ्याच रिक्षावर, माझ्याच भोंग्यातून तो दिवसभर वाजला. पितांबरभाऊ स्मशानात आले, आईला पाणी दिलं, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि गेले.

मार्चमध्ये भूषण आणि भूमिकानं गेम हैदराबादच्या एका कंपनीला देऊन टाकला. भूषण पुण्याला नोकरीला लागला. कराराच्या कागदात आवाजही होता. पितांबरभाऊंनी रेकॉर्डिंगच्या वेळीच गोदामात सही केली होती, वाचून कुणी केली होती? नव्या कंपनीनं अकरा भागांची गोष्ट काढून टाकली, कारण ती कुणी ऐकत नव्हतं आणि उगीच जागा अडवत होती. मरणं ठेवली. उलट वाढवली. आता भोंगा आबा शंभर प्रकारे मरतो. नवी साठ वाक्यं पितांबरभाऊ कधीच म्हणाले नव्हते, कॉम्प्युटरनं त्यांच्या आवाजात करून घेतलीत. त्यातली काही आयाबहिणींवरची आहेत. कोकिळाबाईंच्या भाचीनं ती त्यांना ऐकवली. कोकिळाबाई माझ्या दुकानात आल्या आणि उभ्यानंच म्हणाल्या, "भाऊ, हाई बंद करता येस का कोठे जाईसन?" मी भूषणला फोन लावला. तो म्हणाला, काका, माझ्या हातात काही नाही. मी हैदराबादला ईमेल करवून घेतला. उत्तर आलं, तुमचा अभिप्राय आम्हाला मोलाचा आहे.

पितांबरभाऊंनी तोपर्यंत गावाबाहेरच्या एका जिनिंगच्या गेटवर नोकरी धरली होती. कापसाच्या गाड्या आल्या की फाटक उघडायचं, वहीत नंबर लिहायचा. बोलायचं काम नाही. आतल्या मशीनचा घरघराट इतका की बोललं तरी ऐकू येत नाही.

मे महिन्यात एका सकाळी मी तिथं गेलो. स्टुलावर बसले होते. मला बघून दुसरं स्टूल पुढे सरकवलं. मफलर होताच. मग मी म्हणालो, "भाऊ, आईच्या वेळेला मी तुम्हाला सांगितलं नाही."

"जाऊ दे."

"भावांनी…"

"मी आयका तो अलाउन्स," ते म्हणाले. "तीनदा आयका. तो सुंदराबाई म्हने. सुंदराबाई. तुन्ही मायनं नाव सुंदरबाई शे."

मला ते कळलंच नव्हतं. दिवसभर माझ्या रिक्षावर वाजलं, मी चार वेळा ऐकलं असेल. भावांनी ऐकलं, वहिन्यांनी ऐकलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. मी काही बोलायच्या आत चोपड्याकडची एक गाडी फाटकाशी येऊन हॉर्न द्यायला लागली. ते उठले, फाटक लोटलं, नंबर लिहून घेतला. ड्रायव्हरनं खिडकीतून काहीतरी विचारलं. त्यांनी तोंडानं उत्तर दिलं नाही, हातानंच आतली वाट दाखवली.

परत येऊन बसले तेव्हा मी विचारलं, "घरी तरी बोलता का?"

"बोलस ना. मीठ दे, पानी दे."

"आणि गोष्टी?"

त्यांनी डोक्यावरचा कापसाचा तंतू झटकला. "कोनले सांगू?"

मी अर्धा तास बसलो आणि निघालो. येताना स्टँडजवळ एक मुलगा मोबाईलवर खेळत उभा होता. आवाज बाहेरच लावला होता. मी चालण्याचा वेग वाढवला.

गोदामातलं ते मूळ रेकॉर्डिंग माझ्याकडे असायला हवं होतं. भूषणनं तेव्हा पेन ड्राइव्हवर एक प्रत दिली होती. मी दुकान पालथं घातलं, गोदाम पालथं घातलं. पेन ड्राइव्ह सापडला. त्यावरचं सगळं पुसून माझ्या डीजेवाल्यानं लग्नसराईची गाणी भरून ठेवली आहेत.